इटलीच्या तिसऱ्या पायरीवरचा मिडफिल्डर

कोल्हापूरहून एका काकांनी विचारलं आहे: "पुतण्या सतरा वर्षांचा आहे, मधल्या फळीत खेळतो. एक एजंट म्हणतो, इटलीत एकदम वरच्या क्लबात नाही, पण सेरी सीमध्ये नक्की चिकटवतो. सेरी सीतल्या मिडफिल्डरची कारकीर्द खरी कशी असते? पैसे किती, वर्षं किती, आणि पुढे काय?"

मी शिवाजी पेठेत वाढलो, शाहू स्टेडियमवर सामने बघत मोठा झालो. गेली अठरा वर्षं इटलीतल्या तोस्काना आणि एमिलिया-रोमान्या भागातल्या छोट्या क्लबांत फिटनेस ट्रेनर म्हणून काम करतो आहे, कधी सेरी सीत (तिसरा स्तर), जास्त वेळा सेरी डीत (चौथा). त्यामुळे प्रश्न मला माझाच वाटला, आणि उत्तर लांबणार आहे.

आधी एजंटाचं बघू, ते लवकर संपतं. युरोपीय संघाबाहेरचा खेळाडू परदेशातून आणून नोंदवायची सेरी सीच्या क्लबांना मुभा नाही. शिवाय फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची एका देशातून दुसऱ्या देशात बदली, मोजके अपवाद सोडले, तर होत नाही. म्हणजे तुमचा पुतण्या दोन्हीकडून अडतो. गोव्यातल्या ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि अठरा पूर्ण आहेत, त्यांची गोष्ट वेगळी, कागदावर ते युरोपीय ठरतात. पण भारतीय पासपोर्टवर कोणी "सेरी सी नक्की" म्हणत असेल, तर त्याच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका. अशा आश्वासनावर आलेली आणि पर्यटकाच्या व्हिसावर अडकून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरी फोन लावायची वेळ माझ्यावर आली आहे.

आता मूळ प्रश्न.

इटलीत सेरी ए आणि सेरी बीमध्ये प्रत्येकी २० संघ. त्याखाली सेरी सी: ६० संघ, २०-२० चे तीन गट, साधारण भूगोलाप्रमाणे पाडलेले. इथपर्यंतचं फुटबॉल व्यावसायिक. सेरी डीपासून खाली सगळे हौशी मानले जातात: डीचे नऊ गट, मग एच्चेलेंत्सा, प्रोमोत्सिओने, आणि तिथून थेट गावच्या तेर्त्सा कातेगोरियापर्यंत. सेरी सीच्या ६० मधून दर वर्षी चारच संघ वर जातात आणि नऊ खाली. वर्षानुवर्षं चाललेल्या या गणितात बहुसंख्य खेळाडू वर जात नाहीत, हे आधीच मान्य करून पुढे वाचा. जुने लोक अजून सी-वन, सी-टू म्हणतात. १९७८ पासून हा स्तर दोन भागांत होता, २०१४ मध्ये एक झाला, आणि सेरी सी हे नाव २०१७ मध्ये परत आलं.

या स्तरावर स्ट्रायकर आणि मिडफिल्डर यांच्या नशिबात एक मोठा फरक आहे. मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

स्ट्रायकरचा हिशेब एका ओळीत मावतो: इतके सामने, इतके गोल. पंधरा गोल केलेत म्हटलं की तीनशे किलोमीटरवरचा क्लबही फोन करतो. मिडफिल्डरचं काम कुठे लिहिलं जात नाही. सेरी सीत बरेच संघ तीन बचावपटू आणि मध्ये पाच असा खेळ मांडतात. त्यात मधल्या तिघांपैकी दोन बाजूंना असतात त्यांना मेत्झाला म्हणतात, शब्दशः अर्धा पंख. आपल्याकडचे जुने लोक "हाफ" म्हणतात, त्याच जातीचा शब्द. या मेत्झालाने काय करायचं? कडेचा खेळाडू वर गेला की त्याच्या मागची मोकळी जागा झाकायची. लांब मारलेला चेंडू डोक्यावरून उडाला की तो कुठे पडेल ते आधी ओळखून तिथे पोहोचायचं. आपला स्ट्रायकर पाठीवर बचावपटू घेऊन उभा असेल तर त्याच्या पायाजवळ धावत जायचं, म्हणजे त्याला चेंडू सोडायला कोणीतरी मिळेल. आणि हे सगळं करून नव्वद मिनिटांत अकरा वेळा चेंडू मिळालाच नाही तरी बाराव्यांदा धावायचं. मी त्यांच्या छातीवर जीपीएसचा पट्टा बांधतो. सामन्याला दहा-अकरा किलोमीटर पळतात, पण तो आकडा फसवा आहे. खरं मोल असतं ते किती वेळा पूर्ण जोर लावून परत जागेवर आला याचं. आणि ते माझ्या लॅपटॉपवर दिसतं, वर्तमानपत्रात नाही.

आज सगळे सामने व्हिडिओवर मिळतात. खेळाडू शोधायचं वायस्काउट जगभर वापरतात, तेही इटलीतल्याच किआवारी गावात जन्मलं. तरीसुद्धा मी ज्या ज्या क्लबात होतो तिथला दिरेत्तोरे स्पोर्तिवो, म्हणजे खेळाडू घेण्या-देण्याचं बघणारा माणूस, मिडफिल्डर घ्यायच्या आधी जुन्या कोचला फोन करायचाच. प्रश्नही ठरलेले: "हरत असताना कसा असतो? बाहेर बसवला तर तोंड पाडतो का? फेब्रुवारीत पळतो का?" तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण फेब्रुवारीत मैदानं जड असतात, पगार रखडलेले असतात आणि हंगाम निम्म्यावर असतो. स्ट्रायकरला त्याचे गोल पुढे नेतात. मिडफिल्डर पुढे जातो तो एखाद्या कोचच्या आठवणीत राहिला तर.

मार्को पारोलोचं उदाहरण घ्या. जन्म १९८५ चा, लोंबार्दीतल्या गाल्लाराते गावचा. २००४-०५ मध्ये कोमोकडून सी-वनमध्ये खेळला आणि पुढच्याच वर्षी तो क्लब आर्थिकदृष्ट्या बुडून सेरी डीतून नव्याने उभा राहिला. (तोच कोमो २०२४ पासून पुन्हा सेरी एमध्ये आहे.) पारोलो पिस्तोईएसेत गेला, दोन हंगाम. मग फोलिन्यो, मग वेरोना, हे दोन्ही तेव्हा तिसऱ्या स्तरावर. पाच वर्षं, चार गावं, एकही पायरी वर नाही. वय चोवीस. या वयात सेरी सीतल्या मिडफिल्डरला सगळे "चांगला आहे, इथलाच आहे" म्हणून मोकळे होतात. पण फोलिन्योत त्याचा कोच होता पिएरपाओलो बिसोली. बिसोली पुढे चेझेनाला गेला, तिसऱ्या स्तरावरून त्याने संघ सेरी बीत आणला, आणि २००९ च्या उन्हाळ्यात पारोलो तिथे पोहोचला. २०१० मध्ये चेझेना सेरी एमध्ये. पंचविसाव्या वर्षी पारोलो पहिल्यांदा सेरी ए खेळला, आणि २०११ च्या मार्चमध्ये इटलीच्या जर्सीत होता. पुढे २०१४ चा विश्वचषक, २०१६ चा युरो चषक, लात्सिओत सात वर्षं, देशासाठी ३६ सामने. लात्सिओकडून एकदा पेस्कारामध्ये एकाच सामन्यात चार गोल केले, पण त्याची ओळख गोलांची नव्हती. शेवटच्या मिनिटाला दुसऱ्याची जागा झाकायला धावणारा माणूस, ही होती. ही ओळख फोलिन्योसारख्या छोट्या गावात तयार झाली असणार, असं मी माझ्या अनुभवावरून ठामपणे म्हणतो.

त्याच चेझेनात एमानुएले जाक्केरिनी होता. फोर्ली, बेल्लारिया, पाविया अशी गावं पालथी घालून आलेला, तोही १९८५ चाच. २०१६ च्या युरोत बेल्जियमविरुद्ध गोल करणारा हाच.

कधी कधी कोच आठवणीत ठेवतो तो खेळाडू, पण जागा बदलून टाकतो. फाबिओ ग्रोसो एच्चेलेंत्सामध्ये, म्हणजे तेव्हाच्या सहाव्या स्तरावर, रेनातो कुरी संघाचा पुढे खेळणारा मिडफिल्डर होता आणि गोलांचा पाऊस पाडायचा. मग सी-टूमध्ये किएती. २००१ मध्ये पेरूजाला आल्यावर कोच सेर्से कॉस्मीने त्याला मागे, डाव्या बाजूला बचावात नेलं. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली शेवटची पेनल्टी त्याच ग्रोसोची. मी आमच्या पोरांना हे सांगतो तेव्हा विश्वचषक सांगत नाही, ती जागा बदलण्याची गोष्ट सांगतो. वीस-एकविसाव्या वर्षी "मी दहा नंबरच आहे", म्हणजे पुढे राहून खेळ रचणाराच, म्हणून अडून बसलेली कितीतरी पोरं मी डीत विरघळताना पाहिली. पोर वाईट नव्हतं, ऐकत नव्हतं.

हे वर गेलेले. राहिलेल्यांचं वर्ष कसं जातं, ते ऐका.

जुलैच्या मध्यात रितीरो, म्हणजे डोंगरातल्या एखाद्या हॉटेलात दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ सराव. ऑगस्टच्या शेवटी लीग सुरू, एप्रिलच्या शेवटापर्यंत. सामना रविवारी असेल तर बुधवारी दोन सत्रं, शनिवारी हलका सराव आणि मग बस. दक्षिणेच्या गटात सिसिलीपर्यंतचे प्रवास असतात. मेस्सिनाची सामुद्रधुनी फेरीने ओलांडताना अख्खा संघ डेकवर झोपलेला मी पाहिला आहे. तिथल्या गटात मजाही वेगळी: कातानिया, फोज्जा अशा गावांत तिसऱ्या स्तरालाही हजारोंनी लोक येतात, आणि हरलात तर सोमवारी दुकानात पाव आणायला जाणं अवघड होतं. उत्तरेत काही सामन्यांना तीनशे माणसं असतात आणि कोचचा प्रत्येक शब्द ऐकू येतो. सामन्याआधीचं जेवण मात्र उत्तर-दक्षिण एकच: पांढरा पास्ता, वर तेल आणि पार्मेजान. मला पहिल्या वर्षी ते गिळत नव्हतं, तिखटाची बाटली खिशात ठेवायचो.

शरीराचं बोलायचं तर मिडफिल्डरचा शत्रू जांघ आहे. थांबणं, वळणं, परत सुटणं, हे दिवसाला शेकडो वेळा. या स्तरावर बरीच मैदानं कृत्रिम गवताची, आणि मोठ्या क्लबासारखे चार फिजिओ नसतात, एक असतो, तोही कधी अर्धवेळ. जांघेचं दुखणं एकदा धरलं की महिने खातं. मी भांडून का होईना, पोराला दोन आठवडे लवकर बाहेर बसवतो. पण ज्याचा करार जूनमध्ये संपतोय तो मार्चमध्ये खोटं बोलतो, "काही दुखत नाही" म्हणतो. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही.

आता पैसे. सेरी सीत वयानुसार किमान वेतन ठरलेलं आहे. २४ च्या पुढच्या खेळाडूचं वर्षाला २५,००० युरोंच्या थोडं वर, तेही कर कापण्याआधी. मोठ्या क्लबांतले अनुभवी मिडफिल्डर याच्या कितीतरी पट घेतात, पण छोट्या क्लबात बाविशीतली मुलं किमान वेतनावरच असतात. तिघा-चौघांना मिळून एक फ्लॅट, दुपारचं जेवण क्लबकडून. इटलीतला कारखान्यातला कुशल कामगार जवळपास एवढंच कमावतो, फरक हा की त्याचा कारखाना दर ३० जूनला करार संपवत नाही. बहुतेक करार एक किंवा दोन वर्षांचे. जून संपला आणि फोन वाजला नाही की माणूस स्विंकोलातो, म्हणजे मोकळा. अशा मोकळ्या खेळाडूंसाठी खेळाडूंची संघटना उन्हाळ्यात स्वतःचं शिबिर भरवते, म्हणजे क्लब नसतानाही सराव सुटू नये. ही संघटना १९६८ ची, सेर्जिओ काम्पाना या वकील झालेल्या माजी खेळाडूने उभी केलेली. १९८१ चा ९१ क्रमांकाचा कायदा येईपर्यंत खेळाडू करार संपल्यावरही क्लबाला बांधलेला राहायचा. ती बेडी तुटली त्यात या संघटनेचा मोठा हात. खालच्या स्तरावरच्या माणसाला तिची किंमत जास्त कळते.

आणि पगार ठरला म्हणजे मिळाला असं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत प्रो पिआचेंत्सा नावाच्या सेरी सीच्या संघाने कुनेओविरुद्ध ०-२० असा सामना हरला. खेळाडूंना महिनोन्महिने पगार नव्हता, ते संपावर गेले होते. मैदानात उतरली ती अकराही नाहीत, आठ जणं, बहुतेक विशीच्या आतली. त्यांतला एक तर संघाचा मसाज करणारा. क्लब लीगमधून काढून टाकला गेला. लोक आकड्याला हसले. मी त्या पोरांचे चेहरे बघत होतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये कातानियाला हंगाम संपत आला असताना बाहेर काढलं, त्यांचे सगळे निकाल पुसले गेले. आठ महिने धावलेली धाव कोणत्याच तक्त्यात उरली नाही.

सगळ्यांत जिव्हारी लागलं ते फेरारातलं. स्पाल हा १९०७ चा क्लब, २०१७ ते २०२० सेरी एमध्ये होता. २०२५ च्या मेमध्ये खाली घसरू नये म्हणून त्यांना मिलानच्या दुसऱ्या संघाशी दोन सामने खेळावे लागले. खेळाडूंनी ती लढत जिंकली, सेरी सी वाचवली, गाव रस्त्यावर आलं. जून उजाडला आणि क्लबाची पुढच्या हंगामाची नोंदणीच झाली नाही. नव्या नावाने एच्चेलेंत्सातून सुरुवात. मैदानावर जे वाचवलं ते कागदावर गेलं. माझ्या ओळखीतला एक जण त्या दिवशी म्हणाला, आम्ही नेमकं कुणासाठी धावलो? मी नुसता त्याच्याजवळ बसून राहिलो.

मीही एका क्लबात सहा महिने बिनपगारी काम केलं आहे. दर शुक्रवारी "सोमवारी नक्की" ऐकायचो. तेव्हा संघाच्या कप्तानाने, तो मेत्झालाच, बिनपगारी असताना धाकट्या पोरांचं घरभाडं स्वतःच्या साठवणीतून भरलं.

वयाचंही ऐका. सेरी सीत तरुण खेळाडूंना मिनिटं दिली की क्लबाला पैसे मिळतात. शिवाय मोठ्या क्लबांचे दुसरे संघ थेट या लीगमध्ये उतरले आहेत: युव्हेंटस २०१८ पासून, अटलांटा २०२३, मिलान २०२४ (तो एकाच हंगामात खाली घसरला), इंटर २०२५. त्यांच्याकडून आलेल्या विशीच्या पोरांशी तिशीच्या माणसाला धावावं लागतं. म्हणून ३०-३१ झाली की बरेच जण सेरी डीत उतरतात. आणि इथे मिडफिल्डरच्या बाजूने एक गोष्ट घडते, जी बाहेरच्यांना माहीत नसते. डीत प्रत्येक संघाने ठरावीक जन्मवर्षांची काही पोरं पूर्ण वेळ मैदानात ठेवलीच पाहिजेत. कोच काय करतात? ती पोरं गोलकीपर आणि कडेचे बचावपटू म्हणून उभी करतात, आणि मधली जागा अनुभवी माणसाला देतात, कारण तिथे चूक झाली तर सगळा संघ उघडा पडतो. त्यामुळे चांगला तेहतिशीचा मिडफिल्डर डीत सोन्यासारखा असतो. कधी कधी सीपेक्षा जास्तही मिळतं. पण २०२३ च्या जुलैपर्यंत ही रक्कम पगार नव्हती, "खर्चाची भरपाई" म्हणून दिली जायची. पेन्शनच्या हिशेबात ती वर्षं कोरी. नव्या कायद्याने हौशी खेळाडूलाही कामगार म्हणून ओळख दिली, फार उशिरा, पण दिली. माझ्या पिढीतल्यांच्या हातात मात्र दहा-दहा वर्षांची कोरी पानं आहेत.

पुढे काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बरेच जण पस्तिशीपर्यंत सकाळी नोकरी आणि संध्याकाळी सराव करतात. मघाशी सांगितलेला आमचा कप्तान आता सांता क्रोचेच्या बाजूला चामडं कमावण्याच्या कारखान्यात आहे, पहाटे पाचची पाळी. हात रंगलेले असतात, तरी आठवड्यातून तीनदा सरावाला येतो. काही जण कोच होतात, आणि कोचिंगच्या वर्गात मला नेहमी मिडफिल्डरच जास्त दिसतात. लुचिआनो स्पालेत्ती त्यांचाच. १९५९ चा, चेर्ताल्दोचा. खेळाडू म्हणून स्पेत्सिया, व्हिआरेज्जो, एम्पोली, आयुष्य बहुतेक सी-वनमध्ये गेलं, सेरी ए कधी खेळला नाही. १९९३ मध्ये एम्पोलीत बूट काढले, तिथेच कोच झाला, १९९६ मध्ये संघ सेरी बीत आणि १९९७ मध्ये सेरी एमध्ये नेला. २०२३ मध्ये नापोलीला ३३ वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं. मधल्या फळीत उभं राहून समोरच्याच्या आधी आपल्याच दहा जणांच्या जागा बघायची सवय लागते. त्या सवयीला पुढे काम मिळतं.

तुमच्या पुतण्याला मी एवढंच सांगेन: दोन वर्षं तिथेच, शाहू स्टेडियमवर, मोठ्या गड्यांबरोबर खेळू दे. दोन्ही पायांनी पहिला स्पर्श शिकू दे, आणि कोच म्हणेल त्या जागेवर उभं राहू दे. अठरानंतर शिक्षणासाठी रीतसर व्हिसावर इटलीत येत असेल, तर राहण्याचा परवाना हातात आल्यावर खालच्या हौशी लीगमध्ये नोंदणीचा रस्ता बघता येतो. त्यासाठी मी स्वतः मदत करीन. एजंट पुन्हा आला तर त्याला विचारा: इटलीतल्या कोणत्या कोचने पोराला नव्वद मिनिटं खेळताना पाहिलं आहे? कोचचं नाव आणि क्लबचं नाव घ्या, मला कळवा, मी फोन लावतो.